दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाम: तारखा पक्क्या, मग ठिकाण कसं बदललं? एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कुटुंब ठाण्याचं. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, आणि सोबत नवऱ्याचे आई-वडील. आजी अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात पण चालण्याची हौस दांडगी. ओळख पटू नये म्हणून वर्ष आणि काही तपशील गाळले आहेत.

सुट्टीचं गणित मराठी घरांत असतं तसंच होतं. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज घरी. भाऊबीजेच्या रात्री विमान आणि शाळा उघडायच्या आत परत. म्हणजे हातात आठ रात्री, आणि त्या मागे-पुढे सरकणं शक्य नाही. देश आधीच ठरलेला होता, कारण मुंबईहून थेट विमान आहे आणि ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. दा नांग शहराजवळच्या होई आन या जुन्या गावातल्या कंदिलांचे फोटो मुलीनं वर्षभर मोबाइलवर जपून ठेवले होते.

जुलैमध्ये जाताना मुंबई-हनोई आणि येताना हो चि मिन्ह सिटी-मुंबई अशी तिकिटं काढून झाली. स्वस्त पडली, पण परतावा नाही. मग एका टूर एजंटानं आराखडा दिला: हनोई दोन रात्री, हा लाँगच्या उपसागरात बोटीवर एक, दा नांग आणि होई आन मिळून चार, शेवटी हो चि मिन्ह सिटीत एक. होई आनच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलचं पहिल्या रात्रीचं भाडं आगाऊ भरलं गेलं. तेही परत न मिळणारं.

अडचण कुठे निघाली

ऑगस्टच्या मध्यावर सूनबाई दा नांगजवळच्या बा ना हिल्स डोंगरावरच्या रोपवेच्या वेळा पाहत होत्या. तिथे धुक्याचा उल्लेख सापडला, म्हणून त्यांनी दा नांगचं महिनावार पर्जन्यमान काढलं. त्या वर्षीची दिवाळी येणार होती तो ऑक्टोबर: सरासरी सहाशे मिलीमीटरच्या आसपास. थोडं उत्तरेला असलेल्या ह्युए शहरात हाच आकडा साडेसातशेच्याही वर जातो. पुण्यात अख्ख्या वर्षात साधारण तेवढा पाऊस पडतो.

एजंटाला विचारल्यावर उत्तर आलं, "ताई, पाऊस म्हणजे काय, एखादी सर येते नि जाते. ट्रॉपिकल कंट्री आहे. रेनकोट ठेवा." हे उत्तर खोटं नव्हतं, पण हो चि मिन्ह सिटीचं होतं. दा नांगला ते लागू पडत नाही, आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण साडेसोळाशे किलोमीटर लांब. या लांबीत पावसाची तीन वेगळी वेळापत्रकं बसतात.

उत्तरेत हनोई, हा लाँग, निन्ह बिन्ह. इथे पाऊस मे ते सप्टेंबर. ऑक्टोबर-नोव्हेंबर कोरडे आणि सुखद, दिवसा २८ अंशांच्या आसपास, रात्री वीसच्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र गारठा आणि दिवसभर भुरभुर.

दक्षिणेत हो चि मिन्ह सिटी आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश. पाऊस मे ते नोव्हेंबर, कोरडा काळ डिसेंबर ते एप्रिल.

मध्य भागात ह्युए, दा नांग, होई आन, आणि इथे सगळं उलटं. आपल्याकडे जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीला धडकतो, कोकण भिजतं आणि देशावर ढग रिकामे पोचतात. दा नांगच्या पाठीशी असाच एक डोंगर आहे, त्रुओंग सोन रांग. पण दा नांग त्या डोंगराच्या पूर्वेला. त्यामुळे जून-जुलैत नैर्ऋत्य वाऱ्याचं पाणी पलीकडे लाओसमध्ये सांडतं आणि दा नांगला कोरडा, तापलेला वारा मिळतो. ऑक्टोबरात वारा फिरतो, ईशान्येकडून समुद्रावरून येतो आणि थेट डोंगराला भिडतो. चेन्नईला ज्या काळात पाऊस पडतो तोच हा काळ. वादळांचा पट्टाही याच सुमारास खाली सरकतो: उन्हाळ्यात त्यांचा रोख उत्तर व्हिएतनामवर असतो, सप्टेंबर ते नोव्हेंबर मध्य भागावर. थंड वारा आणि वादळ एकाच आठवड्यात आले की पावसाला धरबंध राहत नाही. नद्या आखूड आणि उताराच्या, डोंगरात पडलेलं पाणी काही तासांत किनाऱ्यावर. होई आनचं जुनं गाव थू बोन नदीच्या मुखापाशी अगदी सखल जागी वसलेलं आहे.

आता तक्त्यातली फसगत. ऑक्टोबरात दा नांगला आणि हो चि मिन्ह सिटीला पावसाचे दिवस जवळपास सारखेच, वीसच्या आसपास. नुसते दिवस पाहिले तर दोन्ही शहरं सारखीच वाटतात. पण दक्षिणेतला पाऊस दुपारी तीन-चारला ढग दाटून येतात, तास-दीड तास कोसळतो आणि संध्याकाळी रस्ते वाळायला लागतात असा. सहल त्यातून निभावते. मध्य भागातला पाऊस आपल्या जुलैतल्या झडीसारखा, दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही. एकूण मिलीमीटरला पावसाच्या दिवसांनी भागलं तर हा फरक थोडासा हाती लागतो: दा नांगला दिवसाला तीस मिलीमीटर, हो चि मिन्ह सिटीला तेरा-चौदा. पाऊस तासभराचा की दिवसभराचा, हे मात्र कुठल्याच तक्त्यात नसतं. ते वारा आणि डोंगर पाहून ताडावं लागतं.

कोणते पर्याय तपासले

पहिला पर्याय, आहे तसंच जायचं आणि विमा काढायचा. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. पाऊस पडला म्हणून प्रवासविमा पैसे देत नाही. विमान रद्द झालं, ठराविक तासांपेक्षा जास्त उशीर झाला, सामान हरवलं, आजारपण आलं, तर देतो. हॉटेलच्या खोलीत बसून भिंती पाहण्याची भरपाई नसते. शिवाय वादळाला नाव मिळाल्यावर काढलेल्या पॉलिसीत त्या वादळाचं नुकसान सहसा धरत नाहीत. या पर्यायात चार रात्री, म्हणजे निम्मी सहल, सर्वांत वाईट महिन्याच्या भरवशावर टाकायची होती.

दुसरा पर्याय, देशच बदलायचा. बालीचा विचार झाला. ऑक्टोबरअखेर तिथे कोरडा हंगाम संपत आलेला असतो, खरा पाऊस नोव्हेंबरनंतर वाढतो, म्हणजे हवामानाच्या दृष्टीनं तारखा ठीक होत्या. थायलंडचाही झाला, आणि तिथेही तीच गंमत: पश्चिमेचे फुकेत-क्राबी ऑक्टोबरअखेर पावसातून बाहेर येत असतात, तर पूर्वेकडच्या आखातातल्या कोह समुईला तेव्हा पाऊस सुरू होतो आणि नोव्हेंबरात कळस गाठतो. श्रीलंका लगेच बाद झाली, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन मोसमी वाऱ्यांच्या मधल्या काळात तिथे जवळजवळ सगळ्या बेटावर पाऊस असतो. बाली चांगली होती, पण सहा जणांची विमानाची तिकिटं बुडाली असती. इतक्या पैशांवर पाणी सोडायला कुणी तयार नव्हतं, आणि गरजही नव्हती. तिकिटं हनोईत नेणारी आणि हो चि मिन्ह सिटीतून आणणारी होती. दोन्ही टोकं चालण्यासारखी, बिघाड फक्त मधल्या चार रात्रींत.

तिसरा, मधल्या चार रात्री काढून उत्तर-दक्षिणेत वाटायच्या. चौथा, त्या चार रात्री फू क्वॉक बेटावर. हे बेट थायलंडच्या आखातात, कंबोडियाच्या किनाऱ्याजवळ. तिथला पाऊस ऑक्टोबरअखेर ओसरत असतो, पण खात्रीचा कोरडा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे. ज्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात येते त्या वर्षी हा पर्याय बाजी मारू शकतो. या कुटुंबाची दिवाळी लवकर होती.

निर्णयाचे क्षण

सर्वांत जास्त वाद झाला तो "निदान एक रात्र तरी होई आन" यावर. मुलीची इच्छा, आगाऊ भरलेलं भाडं, आणि आजोबांचं म्हणणं, "पैसे भरलेत तर डोकावून येऊ." तडजोड म्हणून ऐकायला बरं वाटतं. हिशेब केला तर हनोईहून दा नांगचं विमान सव्वा-दीड तासाचं, पण विमानतळावर लवकर पोचणं, पुढे होई आनपर्यंत तीस किलोमीटर, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका संध्याकाळसाठी दोन अर्धे दिवस जातात. वर ती एकच संध्याकाळ कोरडी मिळायला हवी. चार रात्री असत्या तर एखादी तरी उघडीप मिळण्याची आशा धरता आली असती. एका रात्रीत ती आशाही उरत नाही. म्हणजे ही तडजोड दोन्ही टोकांपेक्षा वाईट. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच, की अर्धवट काही केलं नाही. भरलेलं भाडं बुडीत खाती टाकलं.

दुसरा प्रश्न सापा या उत्तरेकडच्या डोंगराळ गावाचा. मोकळ्या झालेल्या रात्री सापाला द्याव्यात असं एजंटानं सुचवलं आणि पिवळ्याधमक भातखाचरांचा फोटो पाठवला. तो फोटो सप्टेंबरातला. सापाच्या बाजूला भात वर्षातून एकदाच होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कापणी आटोपते. दिवाळीनंतर उरतो तो खुंट आणि धुकं. शिवाय हनोईहून रस्त्यानं पाच-सहा तास, वर चढ-उतार. आजींच्या गुडघ्यांना ते झेपलं नसतं. त्याऐवजी निन्ह बिन्हला दोन रात्री दिल्या: हनोईपासून शंभर किलोमीटरच्या आत, बसून नावेतून पाहण्यासारखं.

तिसरा निर्णय वरकरणी किरकोळ, पण अभ्यासूपणाचा: आधी उत्तर की आधी दक्षिण? तिकिटांमुळे क्रम ठरलाच होता, तरी तो योग्य आहे का हे तपासलं. हो चि मिन्ह सिटीच्या नदीत समुद्राची भरती चढते आणि वर्षाच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत ती सर्वांत उंच असते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत, सखल भागांतल्या रस्त्यांवर घोटाभर ते गुडघाभर पाणी येतं. तेही पहाटे आणि नेमकं संध्याकाळी, गर्दीच्या वेळेला. वरून पाऊस असला तर बघायलाच नको. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे भाऊबीजेनंतर लगेच तिथे उतरणारा उधाणात सापडतो. हे कुटुंब अष्टमीला पोचणार होतं आणि एकादशीला निघणार होतं, म्हणजे भांगाच्या, कमी चढणाऱ्या भरतीचे दिवस. आजोबांचं मूळ गाव रत्नागिरीकडचं, त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

काय केलं, कसं केलं

आधी एजंटाला लेखी कळवलं: दा नांग-होई आन वगळा, सुधारित दर द्या. देशांतर्गत विमानाची तिकिटं अजून निघाली नव्हती हे नशीब. हनोई-दा नांग आणि दा नांग-हो चि मिन्ह सिटी अशा दोन उड्डाणांऐवजी हनोई-हो चि मिन्ह सिटी हे एकच, दोन तासांच्या थोडं वरचं. त्यात वाचलेल्या पैशांतून बुडीत भाड्याचा मोठा भाग निघाला.

नवा आराखडा तिथीनुसार असा: तृतीया-चतुर्थी हनोई, पंचमीची रात्र हा लाँगच्या बोटीवर, षष्ठी-सप्तमी निन्ह बिन्ह, अष्टमी ते दशमी हो चि मिन्ह सिटी, एकादशीला परत. हा लाँगहून निन्ह बिन्हला परस्पर गाडी घेतली, हनोईला वळसा घातला नाही.

ई-व्हिसाचा अर्ज मार्ग ठरेपर्यंत थांबवला होता, कारण त्यात कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार ती ठिकाणं निवडावी लागतात. एकदा प्रवेशाचा व्हिसा माणशी २५ डॉलर आणि भरलेले पैसे परत नाहीत. नाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमानं भरलं. वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही यावर मराठी माणसांचे अर्ज अडकतात.

दक्षिणेतले दिवस पावसाच्या घड्याळावर बसवले. कू चीचे भुयारी मार्ग सकाळी साडेसातला निघून दुपारी दीडपर्यंत आटपायचे. मेकाँगकाठच्या बेन च्रेची फेरीही सकाळची. दुपारी तीन ते पाच संग्रहालय किंवा हॉटेल. हॉटेल पहिल्या डिस्ट्रिक्टमध्ये, जेणेकरून संध्याकाळी पाऊस लांबला तरी चालत जेवायला जाता यावं.

हवामान पाहायचं कुठे, हेही ठरवलं. भारतीय हवामान खात्याच्या चक्रीवादळाच्या पानावर बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र असतो. व्हिएतनामकडे जाणारी वादळं तिथे दिसत नाहीत. ती जपानच्या हवामान संस्थेच्या पानावर दिसतात. निघण्याच्या दहा दिवस आधीपासून रोज एकदा पाहायचं. वादळाचा रोख चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतो, त्याआधीच्या नकाशांवर झोप उडवून घ्यायची नाही. बोटीच्या आरक्षणात एक अट लिहून घेतली: बंदर प्रशासनानं रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली तर पूर्ण परतावा किंवा दिवसाची फेरी आणि फरकाचे पैसे. हा लाँगला बोटी सोडायच्या की नाही हे बोटवाला नव्हे तर प्रशासन ठरवतं, आणि ते बऱ्याचदा त्याच सकाळी कळतं.

निष्पत्ती

हनोईतले दोन्ही दिवस कोरडे गेले. बोटीवरच्या रात्री उत्तरेकडून थंड हवेचा लोट उतरला. आदल्या दिवशी २९ अंश होते ते १९वर आले, वारा सुटला, भुरभुर लागली आणि सकाळची कयाकिंगची फेरी रद्द झाली. हे अनपेक्षित नव्हतं. ऑक्टोबरअखेरपासून असे लोट येतच असतात. फसलं ते सामान. "उष्ण कटिबंधात चाललोय" म्हणून सहाही जणांच्या बॅगांत मिळून एक शाल होती, ती आजींची. निन्ह बिन्हला बाजारातून चार जाकिटं घ्यावी लागली. आजोबांना खोकला झाला तो मुंबईपर्यंत पुरला. निन्ह बिन्हजवळच्या त्रांग आनची तीन तासांची नावेची फेरी मात्र ढगाळ हवेत छान झाली. एका नावेत चारच जण बसतात, म्हणून दोन नावा कराव्या लागल्या.

हो चि मिन्ह सिटीत तीनपैकी दोन दुपारी पाऊस आला, ठरवलेल्या दोन तासांतच पडून गेला. रस्त्यावर भरतीचं पाणी दिसलं नाही. परतीच्या दिवशी कार्तिकी एकादशी. आजींनी केळी, ड्रॅगन फ्रूट आणि घरून नेलेल्या दाण्याच्या लाडवांवर उपास काढला, विमानातलं जेवण नातवाला दिलं.

त्याच आठवड्यात दा नांगला काय झालं? दोन दिवस सलग पाऊस, उरलेले दिवस ढगाळ. होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरलं नाही. मुलीनं फोनवर ते पाहिलं आणि म्हणाली, "बघा, जाता आलं असतं." तिचं चूक नाही. पण निर्णय ऑगस्टमध्ये घ्यायचा होता, आणि ऑगस्टमध्ये हाती होती ती फक्त शक्यता. ऑक्टोबर २०२० मध्ये याच पट्ट्यात लागोपाठ वादळं येऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. १४ ऑक्टोबर २०२२ला दा नांग शहर पाण्यात गेलं. २०२५मध्ये २३ ऑक्टोबरला भाऊबीज झाली आणि चारच दिवसांत, २६-२७ ऑक्टोबरला, ह्युएजवळच्या बाक मा डोंगरावर २४ तासांत १,७०० मिलीमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. होई आनच्या जुन्या गावात लोक नावांतून फिरत होते. भाऊबीजेनंतरचा आठवडा दरवर्षी बुडतोच असं नाही, पण बुडायचाच असेल तर याच सुमारास बुडतो.

काय वेगळं करता आलं असतं

तिकिटं काढण्याआधी एक तक्ता करायला हवा होता: डावीकडे मुक्कामाची प्रत्येक जागा (देश नव्हे), समोर त्या महिन्याचे मिलीमीटर, पावसाचे दिवस, वारा कुठून, डोंगर कुठल्या बाजूला. अर्ध्या तासाचं काम, आणि होई आनचं भाडं वाचलं असतं.

विमा पहिला पैसा भरला त्या दिवशी घ्यायला हवा होता, निघण्याच्या आठवड्यात नाही. रद्द करण्याची भरपाई विम्याच्या तारखेनंतर उद्भवलेल्या कारणांनाच मिळते.

एक गोष्ट पाहिलीच गेली नाही: त्या वर्षी प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गरम (एल निनो) होतं की थंड (ला निना). ला निनाच्या वर्षी मध्य व्हिएतनामचा ऑक्टोबर-नोव्हेंबर जास्त ओला जाण्याकडे कल असतो, एल निनोत उलट. भारतीय हवामान खातं मान्सूनच्या अंदाजासोबत हे सांगतच असतं. त्यानं निर्णय बदलला नसता. ला निना असता तर एक रात्रीचा वाद दोन दिवस कमी चालला असता एवढंच.

बॅगेत माणशी एक पातळ स्वेटर हवा, उत्तर व्हिएतनामला ऑक्टोबरअखेर ते मार्च.

आणि सुट्ट्यांचं वाटप. महाराष्ट्राच्या शाळांच्या तीन सुट्ट्या व्हिएतनामच्या तीन भागांवर चपखल बसतात: दिवाळीत उत्तर, नाताळात दक्षिण आणि फू क्वॉक, उन्हाळ्याच्या सुट्टीत मध्य भाग. आठ रात्रींत सगळा देश उरकायचा म्हटलं की कुठला ना कुठला भाग अवेळी पदरात पडतो.

या कुटुंबानं होई आन मे महिन्यावर टाकलं आहे. ३० एप्रिल आणि १ मे या तिथल्या जोडसुट्ट्यांत किनारे फुलून जातात नि दर चढतात, म्हणून ५ मेनंतरच्या तारखा. ऊन तेहतीस-चौतीस अंशांचं, म्हणून फिरणं सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. होई आनला चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. आपली शुद्ध चतुर्दशी आणि तिथली चौदावी यांत कधी एका दिवसाचा फरक पडतो, म्हणून मुक्काम दोन रात्रींचा धरला आहे. हॉटेलचं भाडं या वेळी परत मिळणारं.